घाटकोपरचं स्थळ

मुंबईहून परत आल्यावर बडनेऱ्यात जो भेटला त्यानं पहिलं समुद्राचंच विचारलं. शाळेतल्या बायकांनी विचारलं, दूधवाल्यानं विचारलं, माझ्या वर्गातल्या पोरांनी तर शंख-शिंपले मागितले. आठवडाभर राहून आले आणि समुद्र पाहिला नाही, हे कोणाला पटेना. पण मी ज्या मुंबईत राहिले तिथून समुद्र दिसत नाही. तिथं डोंगर आहेत, डोंगरांवर घरं आहेत, खाली कारखान्यांचे भोंगे आहेत, आणि तिथल्या माणसांनाही समुद्रावर जायचं तर आधी ठरवावं लागतं. या मुंबईबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून मीच लिहायला बसले.

मी गेले होते ते धाकट्या बहिणीसाठी. सुनंदा माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, बालवाडीत शिकवते. आमच्या मामांनी तिच्यासाठी घाटकोपरचं एक स्थळ सुचवलं होतं. मुलगा महानगरपालिकेत पाणीखात्यात कायम, घरी तो आणि आई, दोघंच. मूळ आपल्याकडचेच, मेहकरचे. मामांनी मुलाचा फोटो पाठवला तसा बाबांनी होकार मनातल्या मनात देऊनही टाकला. ते रेल्वेतून निवृत्त झालेले. कायम नोकरी म्हटलं की त्यांचे पुढचे प्रश्न संपतात.

सुनंदानं याआधी आलेली स्थळं नाकारली होती. दर वेळी कारण विचारलं की ती म्हणायची, "तो मले पाहून गेला. मी त्याले कुठं पाह्यलं?" या वेळी तिनं मला चुलीपाशी गाठलं.

"ताई, तुले हिवाळ्यात सुट्टी आहे ना? तू जाऊन ये."

"जाऊन काय पाहू?"

"पगार बाबांनी पाह्यला. तू बाकीचं पाहून ये. ते काय खातात, ताटात काय टाकून देतात, कशानं चिडतात. पाहुणे नसले म्हणजे कसे बोलतात."

बाबांना ही कल्पना विचित्र वाटली, पण मामांकडे जायला हरकत नव्हती. माझ्या यजमानांनी तिकीट काढून दिलं. मी कुरड्या, तिखट, वाळवलेली अंबाडी आणि एक जाड स्वेटर बरोबर घेतला.

भांडुप

स्वेटर घेतला ही पहिली चूक. जानेवारी महिना आणि भांडुपला मामा-मामीच्या घरात पंखा चालू. मी बडनेऱ्याच्या सवयीनं स्वेटर हातावर टाकूनच फिरायची, आणि मामी दर वेळी हसायची. मामी माझ्याहून थोडीच मोठी, म्हणून आम्ही एकमेकींना 'तू' म्हणतो. तिचा जन्मच तिथला. ती बोलते भराभर, आणि मनात असेल ते तोंडावर.

"मुलगा झकास आहे," पहिल्याच सकाळी ती म्हणाली. "पण घर बघशील तर तुझी वाट लागेल. आधीच सांगून ठेवते, मग मला बोलू नको."

त्या सकाळी मी पावाशी समेट केला. आमच्याकडे पाव म्हणजे तापातल्या माणसाला दुधात बुडवून द्यायची वस्तू. धडधाकट माणूस पाव खातो ही गोष्ट मला आजारपणाचीच आठवण करून द्यायची. भांडुपला उजाडता उजाडता पाववाला सायकलवरून येतो आणि त्याच्या टोपल्यात पाव अजून कोमट असतो. मामीनं तो चहाबरोबर दिला. वरचा पापुद्रा कुरकुरीत, आत मऊ, किंचित खारट. मी तीन खाल्ले आणि मला मुळीच आजारी वाटलं नाही.

मला आवडली नाही ती उघडी दारं. मामीच्या चाळीत दार लावायचं ते फक्त निजायला. दिवसभर कोणीही डोकावतं, "काय केलंस गं आज?" म्हणून थेट भांड्यावरचं झाकण उचलून बघतं. आमच्याकडे माणूस अंगणात थांबतो, खोकतो, हाक मारतो, मग आत येतो. दोन दिवस मी दचकत होते. तिसऱ्या दिवशी मीच शेजारच्या परबकाकूंच्या स्वयंपाकघरात उभी होते.

परबकाकू मालवणकडच्या. त्यांचे यजमान गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर आता एका सोसायटीच्या दारावर बसतात. काकू बोंबील तळत होत्या. बोंबील म्हणजे आमच्याकडे आठवडी बाजारात मिळणारी वाळलेली काडी, भाजली की गल्लीला कळतं. इथं ताटलीत पांढरंशुभ्र, थरथरणारं, हाडं नसल्यासारखं काहीतरी पडलं होतं.

"हा बोंबील?" मी विचारलं.

"मगे काय?" काकू म्हणाल्या. "तुमच्याकडे येता तो ह्याचो सांगाडो. खावन तरी बघ गो. नाय आवडलो तर ठेव बाजूक."

मी भीत भीत खाल्लं. बाहेर रव्याचं कुरकुरीत कवच आणि आत काहीच नाही, नुसता विरघळणारा घास. बाजूला ठेवण्याचा प्रश्नच आला नाही. मग काकूंनी मला विचारलं, तुमच्याकडे काय खातात? मी अंबाडीच्या भाजीचं वर्णन केलं. त्यांनी तोंड आंबट करून विचारलं, "म्हणजे कोकम घातल्यासारखी भाजी? आणि मासो नाय त्यात?" त्यांना आमची दया आली असावी, कारण त्यांनी आणखी एक बोंबील वाढला.

घाटकोपर

घाटकोपरला स्टेशनच्या पश्चिमेला बाजार ओलांडून बरंच पुढं गेलं की रस्ता चढू लागतो आणि मग रस्ता संपून पायऱ्या सुरू होतात. दोन्ही बाजूंना घरं, एकाचं छप्पर दुसऱ्याच्या उंबरठ्याच्या पातळीला. पायऱ्यांच्या कडेनं पाण्याचे नळ एकमेकांना बिलगून वर गेलेले, हाताच्या शिरांसारखे. मी धापा टाकत होते आणि मामी पुढं जाऊन कंबरेवर हात ठेवून थांबत होती.

मिलिंदचं घर म्हणजे एक खोली. एका कोपऱ्यात मोरी, दुसऱ्यात ओटा, मध्ये लोखंडी पलंग, वर लाकडी फळ्यांचा पोटमाळा. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, खाली कपाटावर घड्याळ. सगळं लखलखीत पुसलेलं. पण आमच्या अंगणात हे अख्खं घर मावलं असतं आणि बाजूला बाज टाकायला जागा उरली असती. मला लगेच सुनंदाची झोप आठवली. ती उन्हाळ्यात कधी घरात निजलेली नाही.

मिलिंदची आई, त्यांना मी मावशी म्हणू लागले, ठेंगणी, सावळी, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या. त्यांनी "जयभीम" करून मला पलंगावर बसवलं आणि स्वतः ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मी अंबाडीची पुडी दिली. त्यांनी ती उघडून नाकाशी धरली.

"मी मेहकर सोडलं तेव्हा हा पोटात होता," त्या म्हणाल्या. "इथं मिळतात म्हणतात अंबाडीची पानं, पण ती ही नाही. त्या पानांले आंबटपणाच नाही."

"समुद्र आवडला का मावशी मुंबईचा?"

"एकदा पाह्यला. ह्याचे वडील होते तवा घेऊन गेले होते. लयच पाणी, अन् पिता येत नाही. पुन्हा नाही गेले."

मिलिंद कामावरून आला. फोटोतल्यापेक्षा बारीक, अंगात खाकी शर्ट. पोहे झाले, चहा झाला. मी विचारलं त्याची त्यानं नेमकी उत्तरं दिली. मामी सोबत होती, सगळे नीट बसले होते, कोणी जोरानं बोललं नाही. उतरताना माझ्या लक्षात आलं की सुनंदानं सांगितलेलं यातलं मी काहीच पाहिलं नव्हतं. पाहुणे आल्यावर घर जसं असतं तसं ते घर होतं.

मामीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग पाण्याच्या वेळी ये ना. पाण्याच्या वेळी माणूस खरा दिसतो. परवा सकाळी लवकर निघू, न सांगता."

मिलिंद पाणीखात्यात म्हणजे नेमकं काय करतो, ते मला त्या सकाळी समजलं. तिथं त्याला चावीवाला म्हणतात. पाणी सगळ्या वस्त्यांना एकदम सोडत नाहीत. एका भागाचं बंद करून दुसऱ्याचं उघडतात. रस्त्यात लोखंडी झाकणं असतात, त्याखाली चाक. चावीवाला एक लांब दांड्याची, वरून आडवी मूठ असलेली चावी आत सोडतो आणि सगळं अंग टाकून फिरवतो. आम्ही पायऱ्यांच्या तोंडाशी एका बंद दुकानाच्या फळीवर बसलो होतो. अजून पुरतं उजाडलं नव्हतं, पण सगळी गल्ली जागी होती. हंडे, कळश्या, डबे, प्लास्टिकच्या बादल्या नळांपुढं मांडलेल्या. मिलिंदनं चावी फिरवली. आधी नळांतून नुसती हवा आली, सूं करून, आणि सगळ्या बायका बोलायच्या थांबल्या. मग पाणी आलं.

पुढचा वेळ मी फक्त बघत होते. एक बाई भरते, दुसरी उचलते, तिसरी हंडा सरकवते, आणि यात भांडण, थट्टा, पोरांना धपाटे, सगळं चालू. बडनेऱ्यात आमच्या विहिरीवर पाणी काढताना माणूस पाण्यात वाकून बघत उभा राहू शकतो. इथं मान वर करायला कोणाला फुरसत नव्हती. रांगेत शेवटून दुसऱ्या मावशी होत्या.

त्यांचा हंडा अर्धा भरला असेल, तेव्हा मिलिंद पुन्हा झाकणापाशी आला.

मावशींच्या मागची बाई ओरडली, "ए मिलिंद, दोन मिनिटं थांब ना रे. माझा एक हंडा राहिला."

तो थांबला नाही. त्यानं चावी फिरवायला सुरुवात केली. नळाची धार बारीक झाली.

"तुझ्या आईला पण नाही सोडत तू," ती बाई म्हणाली. "कसला माणूस आहेस."

मिलिंद मान खाली घालून चावी फिरवत राहिला. धार तुटली. मावशींनी अर्धा हंडा कंबरेवर घेतला आणि मुलाकडं न बघता पायऱ्या चढू लागल्या. चावी वर काढताना त्याचं लक्ष आमच्याकडे गेलं. तो अगदी गोंधळला.

"ताई, तुम्ही? घरी जा, आई चहा करेल. मला पुढची चावी उघडायची आहे." आणि दांडा खांद्यावर टाकून तो निघून गेला.

आम्ही वर गेलो. मावशींनी त्या अर्ध्या हंड्यातलं पाणी घेऊनच आमचा चहा टाकला. जो आईसाठी एक हंडा थांबत नाही तो बायकोसाठी काय थांबणार, हा विचार डोक्यातून जाईना.

"मावशी, तुम्ही तरी त्याला थांब म्हणायचं," मी न राहवून बोलले.

"कामावर तो मले ओळखत नाही," त्या म्हणाल्या. "मीबी त्याले ओळखत नाही. घरी आला की मग ओळख." आणि हसून त्यांनी माझ्यापुढं खारी सरकवली.

मामीनं परत येताना सगळ्या वाटेवर एकच वाक्य उच्चारलं. "आता सुनंदाला काय सांगशील?"

बोरिवली

रविवारी कान्हेरीची लेणी पाहायला जायचं मावशींनीच ठरवलं. त्या, मिलिंद, मामी आणि मी. बोरिवलीच्या जंगलाच्या फाटकातून आत गेलं की मुंबई एकदम मागं पडते. हवा थंड होते, आणि इथं एकदाचा माझा स्वेटर उपयोगी पडेल असं वाटलं. तो मी पिशवीवर ठेवला, आणि वर लेण्यांपाशी पोचेपर्यंत एका माकडानं तो पळवला. माकड झाडावर बसून स्वेटरच्या बाहीत खायला काही आहे का ते शोधत राहिलं. मिलिंदनं त्याला भाकरी दाखवली, आम्ही टाळ्या वाजवल्या. काही नाही मिळालं तेव्हा त्यानं स्वेटर आणखी वरच्या फांदीवर टाकला आणि निघून गेलं. तो अजून तिथंच असेल. मामी हसून हसून एका पायरीवर खाली बसली.

मोठ्या चैत्यगृहात मावशींनी मेणबत्ती लावली नाही, कारण तिथं लावू देत नाहीत. नुसते हात जोडून त्या बराच वेळ बसल्या. मिलिंदला मात्र वेगळंच बघायचं होतं. प्रत्येक लेण्याच्या दारापाशी दगडात कोरलेलं पाण्याचं टाकं आहे, आणि वरच्या कातळावरून त्यात पाणी आणणारे बारीक पाट. तो वाकून एकेका पाटावर बोट फिरवत चालला होता, लहान मुलं भिंतीवर बोट फिरवत चालतात तसा.

"प्रत्येक भिक्खूच्या दारात त्याचं पाणी," तो म्हणाला. "इथं चावीवाला लागत नव्हता."

भाकऱ्या, ठेचा आणि मावशींनी केलेली ती अंबाडीची भाजी, असं आम्ही एका सावलीच्या ओट्यावर बसून जेवलो. मी त्याच्या ताटलीकडं बघत होते. त्यानं सगळं खाल्लं, फक्त ठेच्यातला लसूण एका बाजूला काढून ठेवला. आईनं तो न बोलता उचलून आपल्या भाकरीवर घेतला. ही गोष्ट सुनंदाला सांगायची म्हणून मी मनात ठेवली. मग मामी आणि मावशी पाय पसरून पडल्या आणि मी विचारायचं ते विचारलं.

"परवा त्या बाईंचा एक हंडा राहिला होता. तुमच्या आईंचाही अर्धाच भरला. दोन मिनिटांनी काय बिघडलं असतं?"

त्यानं हात धुवायला पाण्याची बाटली घेतली, थोडंच पाणी घेऊन बोटं धुतली.

"त्या वस्तीच्या वर अजून एक वस्ती आहे, ताई. टोकाला. खालचं बंद केल्याशिवाय वर जोर चढत नाही. मी खाली दोन मिनिटं दिली की वर कोणाच्या तरी नळाला नुसती हवा येते. ते लोक मला शिव्या द्यायला खाली येत नाहीत, एवढाच फरक आहे."

"पण आई?"

"आईसाठी थांबलो असतो तर सगळ्या गल्लीनं पाहिलं असतं. मग कोणासाठी थांबायचं नाही, ते मी कुठल्या तोंडानं सांगणार?" त्यानं बाटलीचं झाकण लावलं. "मला ह्या नोकरीतलं सगळं आवडतं. पहाटेचा रस्ता आवडतो, नळातली ती आधीची हवा आवडते. बंद करायची वेळ तेवढी आवडत नाही. ती रोज येते. त्या दिवशी तुम्ही पाहिलंत म्हणून जास्त लागलं."

त्याचं बरोबर होतं की नाही हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. पण तो मला बरं वाटावं म्हणून बोलत नव्हता, एवढं कळलं.

मग तो म्हणाला, "तुम्ही मला इतकं विचारलंत. मी एक विचारू? त्यांना काय आवडतं?"

'त्यांना' म्हणजे सुनंदाला. मी आनंदानं सांगायला लागले. कांद्याची भजी आवडतात, चहा खूप गोड लागतो, रेडिओवरची गाणी आवडतात, अंगणात निजायला आवडतं.

"आणि काय आवडत नाही?"

मी तोंड उघडलं आणि मला काही सुचलं नाही. मी तिला कडेवर घेऊन वाढवलं. लग्न होऊन मी दोन गल्ल्या पलीकडेच राहते, रोज भेटते. पण तिला काय आवडत नाही, हे मी तिला कधी विचारलेलं नव्हतं. मी म्हटलं, "तसं काही नाही. सगळं चालतं तिला."

"असं कोणी नसतं, ताई," तो अगदी साधेपणानं म्हणाला. "माझं घर तुम्ही पाहिलंत. ते तुमच्या तोंडून ऐकून त्यांनी हो म्हणू नये. त्यांनी येऊन बघावं. खोली, नळ, पायऱ्या, सगळं. नाही म्हणाल्या तर मला वाईट वाटेल. पण इथं येऊन मग त्यांना वाईट वाटलं, तर ते मला नाही चालणार."

बडनेरा

सुनंदाला मी सगळं सांगितलं, अर्धा हंडा आणि लसूणही. ती शेंगा सोलत ऐकत होती. मी त्याला काय काय सांगितलं ते ऐकून मात्र तिनं सूप बाजूला ठेवलं.

"भजी मले तिसरीत आवडायची, ताई. आता छातीत जळजळतं. अन् चहात साखर मी केव्हाच सोडली. तुह्या घरी मी बिनसाखरेचा चहा पिते, तूच तर देते."

"मग काय आवडत नाही तुला?"

"आता विचारतेस?" ती म्हणाली, पण रागावली नव्हती. "मोठ्यानं लागलेला रेडिओ नाही आवडत. कोणी घाई केलेली नाही आवडत. जेवताना कोणी माह्या ताटाकडं पाह्यलेलं तर मुळीच नाही आवडत. तू लहानपणापासून पाहते."

मग ती सरळ बाबांपुढं जाऊन म्हणाली, "मी घाटकोपरले जाऊन घर पाहून येते."

बाबांनी पेपर खाली ठेवला. "पोरगी पोराचं घर पाहाले जाते का कधी? लोक काय म्हणतीन?"

"त्यानंच बोलावलं आहे, बाबा."

"तो म्हणीन. त्याले काय जाते?"

आठ दिवस घरात कोणी नीट बोललं नाही. मी बाबांना समजवायला गेले की ते पेपर वर धरायचे. शेवटी आईच म्हणाली, "मले लग्नाआधी हे घर कोणी दाखवलं असतं तर बरं झालं असतं." आई असं काही बोलेल हे आमच्यापैकी कोणाला वाटलं नव्हतं. बाबा तिच्याकडं बघतच राहिले. तिला या घरातलं काय आवडलं नव्हतं, ते त्यांनी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ते स्टेशनवर जाऊन तीन तिकिटं काढून आले. त्यांचं म्हणणं एवढंच, की पोरींना एकट्या पाठवणार नाही.

पुन्हा घाटकोपर

मार्च उजाडला होता आणि पायऱ्यांवर ऊन चढलं होतं. बाबा दर वळणावर थांबून नळांकडे बघायचं निमित्त करत होते. सुनंदा कुठं थांबली नाही, पण घाईही केली नाही. प्रत्येक उघड्या दारात नजर टाकत वर आली.

मावशींनी बाबांना पलंगावर बसवलं. मिलिंद नवा शर्ट घालून दारापाशी उभा, कारण आत सगळ्यांना उभं राहायला जागा नव्हती. बाबांनी खोलीवर एकदा नजर फिरवली आणि त्यांचा चेहरा पडला. कायम नोकरीच्या पलीकडचं काहीतरी त्यांना पहिल्यांदाच दिसलं असावं. ते माझ्याकडं झुकून हळूच म्हणाले, "विमल, इथं माही पोरगी कशी राहीन?"

सुनंदा खोलीत हिंडली. हिंडली म्हणजे चार पावलं इकडं, चार तिकडं. तिनं मोरी पाहिली, तिथली घागर हलवून पाहिली, ती अर्धीच होती. शिडीवर दोन पायऱ्या चढून पोटमाळ्यात डोकावली. मग खाली येऊन मिलिंदकडं वळली. ती पहिल्यांदाच त्याच्याशी बोलत होती.

"इथं राग आला म्हणजे माणूस जातो कुठं?"

बाबा खाकरले. मावशी हसल्या. "मी दारात बसते, बाई. येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलते. मग जातो राग."

"मी वर टाकीपाशी जातो," मिलिंद म्हणाला. "डोंगराच्या टोकाला पाण्याची टाकी आहे. तिथं भिंतीला टेकून बसतो."

"ही तुमची जागा झाली, ती मावशींची. माही कोणती?"

त्यानं विचार केला. मला वाटलं, आता तो म्हणेल की तुम्हाला राग येऊच देणार नाही. स्थळ म्हणून आलेले सगळे असंच काहीतरी बोलून गेले होते.

"माहीत नाही," तो म्हणाला. "शोधावी लागेल."

सुनंदानं मान हलवली, उंबरठ्यावर चपला घातल्या आणि बाहेर पडली. मी मागं निघाले तर तिनं हातानंच मला थांबवलं. "मी येते जाऊन," ती म्हणाली.

बाबा उठून उभे राहिले. "अनोळखी वस्तीत एकटी कुठं चालली ही?"

"जाऊ द्या, बाबा," मिलिंद म्हणाला. "सगळ्या पायऱ्या खाली रस्त्यालाच येतात. हरवायच्या नाहीत त्या."

आम्ही थांबलो. मावशींनी चहा टाकला, बाबांनी तो घेतला, दुसऱ्यांदा घेतला. रेल्वेत कोणत्या स्टेशनला कसं पाणी मिळायचं ते बाबा सांगू लागले आणि मिलिंद मनापासून ऐकू लागला. पण दोघांचंही लक्ष दाराकडं होतं. शेजारच्या बाया येऊन डोकावून गेल्या. पाहुणी कुठाय, त्यांनी विचारलं. बाहेर गेली आहे, मावशी म्हणाल्या, जणू रोजच जात असावी.

बराच वेळ गेला. मिलिंद दोनदा पायरीपर्यंत गेला आणि शोधायला न जाता परत आला. त्याला जायचं होतं हे दिसत होतं. तो गेला नाही, हेही मी पाहिलं.

मग ती आली. वरून नाही, खालूनही नाही, मागच्या बाजूच्या कुठल्या तरी बोळातून. चेहरा उन्हानं लाल, साडीच्या काठाला कुसळं, चपला धुळीनं पांढऱ्या. तिनं घागरीतलं पाणी पेल्यानं घेतलं, थोडंच, उभ्यानंच प्यायली, आणि पेला पालथा ठेवला.

"सापडली," ती म्हणाली.

मिलिंदचा जीव भांड्यात पडला. "कुठं?" त्यानं विचारलं.

"ते सांगितलं तर ती माही कशी राहीन?"

मावशींनी तोंडाला पदर लावला. बाबांनी माझ्याकडं पाहिलं, मी बाबांकडं. होकार म्हणतात तो हाच, हे समजायला त्यांना जरा वेळ लागला.

लग्न मे महिन्यात झालं. त्यानंतर मी दोनदा घाटकोपरला जाऊन आले. एकदा तर दोघांचं काहीतरी बिनसलं होतं आणि सुनंदा चपला घालून निघून गेली होती. मिलिंद ओट्यापाशी कांदा चिरत बसला होता. मी कुठं गेली विचारलं, तर तो म्हणाला, "तिच्या जागेवर." ती जागा कुठं आहे, ते त्यालाही अजून माहीत नाही.